सायकलचे ब्रेक पॅड: साताऱ्याच्या उतारावर स्वस्तात कसे घ्यायचे आणि जास्त दिवस कसे चालवायचे

माझा मावसभाऊ सांगलीला असतो, त्याच्या सायकलला चार वर्षं झाली तेच ब्रेक रबर आहेत आणि तो मला सांगतो की ब्रेक पॅड बदलायचे म्हणजे दुकानदाराचे धंदे असतात. त्याचं बरोबरच आहे, सांगलीत सगळं सपाट, ब्रेक लावायचा तो सिग्नलला नाहीतर मधेच म्हैस आली तर. त्याला एकदा समर्थ मंदिरापासून राजवाडा आणि तिथून राजपथानं पोवई नाक्यापर्यंत सायकल आणायला लावली, खाली आल्यावर बोटं झटकत होता. आपलं गाव अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलंय, त्यामुळं इथं घरातून बाहेर पडलं की एकतर चढ नाहीतर उतार, आणि पावसाळ्यात यवतेश्वर घाटानं कासला जायची हौस असेल तर मग पॅड किती दिवस टिकणार ते विचारूच नका.

नव्यानं सायकल घेतलेली बरीच पोरं एकच प्रश्न विचारतात, "स्वस्त पॅड कुठले घेऊ?" म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. पॅड ही झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे, तिनं झिजायचं आणि रिम नाहीतर डिस्क वाचवायची. पन्नास रुपये वाचवायला दगडासारखं कडक रबर घेतलं तर ते टिकतं खरं, पण रिम खातं, आणि नवी रिम, ताड्या (स्पोक), परत चाक बांधायची मजुरी असा हिशोब केला की तेवढ्यात पॅडचे कितीतरी जोड आले असते.

सगळ्यात आधी आपल्याकडं कुठला ब्रेक आहे ते बघा

हसू नका, दुकानात जाऊन नुसतं "ब्रेक पॅड द्या" म्हणणारे लय असतात आणि मग घरी येऊन बसतच नाही.

आजोबांच्या काळ्या सायकलला रॉड ब्रेक असतो, त्याचे रबराचे छोटे ठोकळे रिमला आतल्या बाजूनं, म्हणजे ताड्यांच्या बाजूनं वर दाबतात. तो कुठल्याही जुन्या सायकलवाल्याकडं मिळतो, चहा-वड्याच्या पैशात काम होतं, त्यावर जास्त लिहीत नाही. लहान मुलांच्या आणि साध्या सायकलींना वरून एका बोल्टवर लटकलेला चिमट्यासारखा कॅलिपर असतो. गिअरच्या सायकलींना बहुतेक व्ही ब्रेक असतो, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना उभे दोन हात आणि वरून आडवी गेलेली वायर. आणि चौथा डिस्क ब्रेक, चाकाच्या मधोमध पत्र्याची थाळी. डिस्कमध्ये परत दोन प्रकार, वायरचा आणि ऑइलचा. लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत (इथं कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणारा ठोकळा) काळी नळी अखंड गेलीय आणि कुठंच उघडी वायर दिसत नाही तर तो ऑइलचा.

रिमवर दाबणारा ब्रेक असेल तर अजून एक तपासणी, फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि रिमला लावा. चिकटलं तर रिम लोखंडी, नाही चिकटलं तर अ‍ॅल्युमिनियमची. चकचकीत लोखंडी रिम पावसात भिजली की कुठलंही रबर लावा, ब्रेक जवळपास लागत नाही, ही चूक पॅडची नसते. असली सायकल घेऊन पावसात घाट उतरायचा नाही, एवढं ऐका.

बदलायची वेळ आलीय का

रबराच्या पॅडवर आडव्या खाचा असतात, त्या पुसल्या गेल्या की पॅड संपला. काहींवर झिजेची रेघ छापलेली असते, तिच्यापर्यंत आला की काढा. खाचा शिल्लक आहेत पण रबर काचेसारखं चकाकतंय किंवा उन्हात उभी राहून कडेला भेगा पडल्यात तर तेही रबर मेलेलं समजा. नखानं दाबून बघा, चांगल्या रबरावर नखाची खूण उमटते, मेलेल्यावर नख नुसतं घसरतं. दुकानात वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात लटकलेल्या मालालाही हीच नखाची परीक्षा लावायची.

डिस्कचे पॅड बघायला मात्र चाक काढलेलं बरं. मोबाइलचा टॉर्च मारून कॅलिपरच्या फटीत बघा, पत्र्याच्या पाठीवर जो घासायचा थर असतो तो किती राहिलाय ते. ब्रेक बनवणारी शिमानो कंपनी अर्धा मिलिमीटर ही शेवटची मर्यादा सांगते, मी मात्र एक मिलिमीटर राहिला की बदलतो, कारण एका पावसाळी रविवारी कास करून आलं तर उरलेला अर्धा कधी गेला ते कळत नाही आणि मग पत्र्यावर पत्रा घासून जो आवाज येतो तो ऐकून रस्त्यावरचा माणूससुद्धा दात आवळतो.

खरेदी

जुना पॅड काढून खिशात घालून जा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा सल्ला आहे. डिस्कच्या पॅडमध्ये आकाराचे इतके प्रकार आहेत की नुसतं सायकलचं नाव सांगून उपयोग नसतो, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलला एका वर्षी एक ब्रेक आणि दुसऱ्या वर्षी दुसरा लावलेला असतो. कॅलिपरवर बारीक अक्षरात ब्रेकचा नंबर असतो त्याचा फोटो काढा, आणि जुन्या पॅडचा पट्टीशेजारी ठेवून एक फोटो. शिमानोच्या साध्या ऑइल ब्रेकमध्ये बी०१एस, बी०३एस, बी०५एस ही एकाच आकाराची मंडळी आहेत, जुन्याच्या जागी नवा नंबर आलाय एवढंच, त्यामुळं बी०१एस मिळत नाही म्हणून रडत बसू नका, बी०५एस घ्या.

व्ही ब्रेकचे पॅड साधारण सत्तर मिलिमीटर लांब असतात आणि त्यांना मागं आट्यांचा दांडा आणि वायसरचा सेट असतो. रेसर टाइप सायकलच्या कॅलिपरचे आखूड असतात, पन्नास-पंचावन्नचे. पाकिटात वायसर पूर्ण आहेत का ते दुकानातच मोजा, प्रत्येक पॅडला बशीसारखे खोलगट आणि फुगीर वायसर जोडीजोडीनं असतात, त्यांच्यामुळंच पॅड हव्या त्या कोनात फिरवता येतो. ते नसले तर पॅड कितीही भारी असो, नीट बसणार नाही.

इथं पैसे वाचवायची खरी जागा सांगतो. व्ही ब्रेकला एक प्रकार असा मिळतो की अ‍ॅल्युमिनियमचं घर वेगळं आणि त्यात सरकवायचं रबर वेगळं. पहिल्यांदा थोडे जास्त पैसे जातात, पण पुढच्या वेळी नुसतं रबर घ्यायचं, बारीक पिन नाहीतर स्क्रू काढून जुनं सरकवून बाहेर आणि नवं आत, सेटिंगला हातसुद्धा लावायला लागत नाही. जो महिन्याला घाट करतो त्यानं हेच घ्यावं. रोज फक्त गोडोलीतून कॉलेजला जाणाऱ्याला साधा अखंड पॅड पुरे.

ऑनलाइन घेताना एक घोळ होतो, किंमत बघून खुश होतो आणि पाकीट उघडल्यावर कळतं की ती एकाच चाकाची जोडी होती. सायकलला चार पॅड लागतात, दोन पुढं आणि दोन मागं, तेव्हा नगाची संख्या वाचा आणि मग भाव करा. डिलिव्हरीचे पैसे वेगळे लागतात म्हणून आमचा चार-पाच जणांचा ग्रुप एकदमच मागवतो. आणि फारच स्वस्त डिस्क पॅड मिळाला तर एकदा पाठीच्या पत्र्यावरचा थर कडेनं बघा, चिकटवलेला थर कोपऱ्याला सुटलेला दिसला तर परत पाठवा, ब्रेकच्या बाबतीत "चालून जाईल" म्हणायचं नाही.

डिस्कमध्ये रेझिन की मेटल हा प्रश्न येतोच. रेझिन म्हणजे मऊ जातीचा, आवाज कमी, गार असताना पहिल्याच दाबात पकडतो, पण चिखलपाण्यात भराभर झिजतो आणि लांब उतारावर फार तापला की गुळगुळीत होऊन पकड सोडतो. मेटल जास्त टिकतो, चिखलाला आणि उष्णतेला दाद देत नाही, पण किंचाळतो आणि डिस्कही लवकर झिजवतो. आता मेटल जास्त टिकतो म्हणून लगेच मेटल मागवू नका, आधी डिस्कच्या पात्यावर काय कोरलंय ते वाचा. स्वस्त सायकलींच्या बऱ्याच डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं इंग्रजीत कोरलेलं असतं. अशा डिस्कचं पोलाद तेवढं कडक नसतं, मेटल पॅड तिला कानशीसारखा खातो. डिस्क नवी असताना साधारण १.८ मिलिमीटर जाड असते आणि दीडवर आली की शिमानोच्या हिशोबानं बाद, म्हणजे झिजायला हातात फक्त ०.३ मिलिमीटर. टिकाऊ पॅड घेऊन डिस्क घालवली तर काय कमावलं?

बसवणं, पहिल्यांदा करताना अर्धा तास धरा

व्ही ब्रेकला फक्त पाच मिलिमीटरची एलन की, म्हणजे षटकोनी वाकडी किल्ली लागते. आधी फोटो काढा, मोबाइल त्यासाठीच असतो, कुठला वायसर कुठं होता हे नंतर कुणाला आठवत नाही. वरची वाकडी नळी खाचेतून सोडवली की दोन्ही हात मोकळे होतात. जुना पॅड काढा, रिम साबणाच्या पाण्यानं नाहीतर स्पिरिटनं पुसून घ्या, फडकं काळंकुट्ट निघेल, निघू दे, पांढरं निघेपर्यंत पुसा.

नवा पॅड लावताना डावा-उजवा आणि बाणाची दिशा बघा, बाण सायकल ज्या दिशेनं पुढं जाते तिकडं. सरकवायच्या रबरात तर हे जीवनमरणाचं आहे, घराचं बंद तोंड पुढं आणि उघडं तोंड मागं असलं पाहिजे, उलटं लावलं तर जोरात ब्रेक मारल्यावर रबर पुढून निसटून रस्त्यावर पडेल आणि तुम्हीही त्याच्या मागोमाग.

पॅड रिमवर टायरच्या कडेपासून एखादा मिलिमीटर खाली बसला पाहिजे. वर गेला तर टायरची भिंत कापतो, आणि टायर फुटतं ते नेमकं उतारावरच फुटतं. खाली राहिला तर अर्धा पॅड रिमच्या बाहेर लोंबतो आणि तिथं न झिजलेली कड तयार होते. व्ही ब्रेकचे हात खालच्या खिळीवर फिरतात त्यामुळं पॅड जसजसा झिजतो तसतसा तो रिमवर खाली सरकतो, म्हणून सुरुवातीला जरा वरच्या बाजूला ठेवा, पण टायरला न लागता.

मग कोन. पॅडचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा एक मिलिमीटर आधी रिमला टेकलं पाहिजे, नाहीतर किरर्र आवाज सुरू होतो. माझी युक्ती अशी की एसटीचं तिकीट घडी घालून पॅडच्या मागच्या टोकाखाली ठेवायचं, लिव्हर दाबून धरायची, बोल्ट आवळायचा, तिकीट काढून घ्यायचं. झालं. लिव्हर हाताच्या पकडीनं दाबल्यावर हँडलला चिकटता कामा नये, मधे दोन बोटं बसली पाहिजेत. चिकटत असेल तर वायर ओढून घ्या, थोडासाच फरक असेल तर लिव्हरजवळची गोल चकती फिरवून भागतं. एका बाजूचा पॅड कायम घासतोय असं दिसलं तर ब्रेकच्या हाताच्या बाजूला बारीक स्क्रू असतो, तो घासणाऱ्या बाजूचा थोडा आवळा. तरी थांबून थांबून घासत असेल तर चाकाला आऊट आलाय, म्हणजे रिम डुलत फिरतेय, पॅडला दोष देऊ नका, सायकलवाल्याकडून आऊट काढून घ्या.

डिस्कला चाक काढायचं, पण चाक बाहेर असताना लिव्हर दाबायची नाही, ऑइलचा ब्रेक असेल तर पिस्टन बाहेर येऊन बसतात आणि मग चाक परत आत जात नाही. घरातल्या लहान पोरांना आधी लांब पाठवा, त्यांना लिव्हर दिसली की हात जातोच. जुने पॅड आतच असताना त्यांच्या मधे प्लॅस्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) घालून पिस्टन हळूहळू मागं ढकला, स्क्रू ड्रायव्हर नको. मग पिन काढा, जुने पॅड आणि मधली स्प्रिंग बाहेर, नव्या पॅडच्या मधे स्प्रिंग धरून एकत्रच आत सरकवा, पिन लावा, क्लिप लावायला विसरू नका. चाक लावल्यावर घासतंय असं वाटलं तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून लिव्हर दाबून धरा आणि आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. नव्या पॅडला आणि डिस्कला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, बोटांचं तेलसुद्धा त्याला नको असतं. वायरच्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो आणि तो मागच्या चकतीनं डिस्कजवळ आणायचा असतो, हे माहीत नसल्यामुळं लोक नुसती वायर ओढत बसतात.

नवा पॅड घासून बसवायचा

नवा पॅड लावला आणि लगेच घाटात गेला असं करू नका. सपाट रस्ता शोधा (साताऱ्यात हेच अवघड काम आहे), वीसेकच्या वेगाला जा आणि एकाच ब्रेकनं हळूहळू चालायच्या वेगापर्यंत आणा, पूर्ण थांबायचं नाही, चाक जाम करायचं नाही. असं दहा-वीस वेळा पुढच्यानं आणि दहा-वीस वेळा मागच्यानं. डिस्कमध्ये पॅडचा बारीक थर डिस्कवर सारखा बसतो आणि मग पकड येते. रबरालाही थोडंफार हे लागतंच.

टिकवायचं कसं

यवतेश्वर घाट आणि पुढं कास मिळून आपण साताऱ्यापासून चार-साडेचारशे मीटर वर जातो. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरलं तर ४०० मीटर खाली येताना साधारण ३३३ किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवायला लागते, एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला जेवढी लागते त्यापेक्षा थोडी जास्तच. यातली काही हवा घेते, काही टायर, उरलेली सगळी त्या अंगठ्याएवढ्या चार तुकड्यांवर. म्हणून उतारावर ताठ बसा, छाती हवेला द्या, हवा फुकट ब्रेक लावते. वाकून वेग घ्यायचा आणि मग ब्रेकनं तो मारायचा, यात पैसे जळतात.

आणि सतत हलका ब्रेक धरून उतरायचं नाही. नवीन माणूस भीतीनं पूर्ण घाटभर दोन्ही लिव्हर अर्ध्या दाबून येतो, खाली आला की जळका वास. त्यापेक्षा सरळ रस्त्यावर सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा, वळणात सोडून द्या. मधे मधे पॅडला वारा लागू दे. बरेच जण पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा वापरतात, मग मागचा पॅड दोन महिन्यांत संपतो आणि पुढचा नवाकोरा. थांबायची खरी ताकद पुढच्यात असते, वजन मागं ठेवून तो हळूहळू दाबायची सवय लावा, पण ओल्या वळणावर आणि खडीवर नाही.

आता आपल्याकडचा मुख्य शत्रू, लाल माती. कासचं पठार म्हणजे जांभा खडक, पावसात त्या रस्त्यावरून लाल पाणी वाहत असतं आणि त्यातली बारीक रेती पॅड आणि रिमच्या मधे जाऊन पॉलिश पेपरचं काम करते. एका पावसाळी फेरीत पॅड जेवढा झिजतो तेवढा उन्हाळ्यात महिन्यात झिजत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ब्रेक लावल्यावर करकर आवाज आला की थांबा, बाटलीतलं पाणी रिमवर आणि पॅडवर ओता, मग पुढं चला. घरी आल्यावर कंटाळा न करता साधं पाणी मारून फडक्यानं पुसा.

महिन्यातून एकदा रबराचा पॅड काढून किंवा चाक काढून त्याचं तोंड बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमचे चकचकीत कण रबरात रुतलेले दिसतील, ते सेफ्टी पिननं एकेक टोकरून काढायचे. हे कण राहिले की पुढं पॅड नाही, अ‍ॅल्युमिनियमच अ‍ॅल्युमिनियमला घासत राहतं आणि रिमवर गोल फिरणाऱ्या रेघा पडतात. त्यानंतर पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर पॅडचं तोंड चार वेळा घासा, वरचा काचेसारखा थर जातो आणि खाली ताजं रबर निघतं. दहा मिनिटांचं काम आहे, रेडिओ लावून करायचं. रिमवर झिजेची खूण म्हणून बारीक खाच किंवा टिंब असतं, ते दिसेनासं झालं किंवा नख फिरवल्यावर रिम वाटीसारखी खोल लागली तर पॅडचा विषय सोडा, रिम बदला.

तेलाचा किस्सा सांगितलाच पाहिजे. मागच्या पावसाळ्यात चेनला गंज चढला म्हणून मी अंगणात सायकल उभी करून मोठ्या हौसेनं स्प्रे मारला, वारा होता, थोडा फवारा मागच्या डिस्कवर. दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या उतारावर मागचा ब्रेक नुसता बोंबलतोय पण थांबत नाही, पुढच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतली, पॅड घासला, कुणीतरी गॅसवर धरून जाळ म्हटलं, ते मात्र केलं नाही आणि तुम्हीही करू नका, थर सुटतो आणि धूर नाकात जातो. शेवटी जेमतेम महिन्याभराचे पॅड फेकले, रेझिन एकदा तेल प्याला की प्याला. तेव्हापासून चेनला थेंबाथेंबानं बाटलीतलं तेल, तेही डिस्कवर जुनी प्लॅस्टिकची पिशवी बांधून, आणि जास्तीचं फडक्यानं पुसून. सर्व्हिसिंगला टाकली तरी हेच सांगून येतो, तिथं बरेचदा सगळ्या सायकलवर एकदमच स्प्रे मारतात.

बदललेले पॅड अगदी संपले नसतील, अजून थोडी खाच शिल्लक असेल, तर टाकू नका. मी पावसाळा सुरू व्हायच्या आधी नवे चढवतो आणि अर्धवट झिजलेली जुनी जोडी वायसरसकट एका छोट्या पिशवीत घालून पाचच्या एलन कीबरोबर सीटखालच्या बॅगेत ठेवतो, एकदा कासवरून येताना ग्रुपमधल्या एकाचा पॅड निसटून दरीत गेला तेव्हा त्याच जोडीवर तो घरी आला, आणि अजून ती जोडी त्यानं परत केलेली नाही.